भूक आहे, तरी अंग झडतंय

(लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आशाताई आणि बचत गटातल्या महिलांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

मायबहिणींनो, थायरॉइड म्हटलं की आपल्यापुढे सुस्तावलेली, वजन वाढलेली बाई उभी राहते. तो झाला कमी काम करणारा थायरॉइड. मला बोलायचंय ते जास्त काम करणाऱ्याबद्दल, कारण आपल्या भागात त्याला भलतीच नावं मिळतात. वजन उतरलं की टीबी नाहीतर शुगर, छातीत धडधडलं की टेन्शन, सून चिडचिड करायला लागली की बाहेरचं. टीबी, शुगर तपासायलाच हवी. पण भूक चांगली आहे, दोन भाकरी जास्तच जातात आणि तरी अंग झडतंय, असं दिसलं तर गळ्याकडेही बघा.

गळ्यातल्या या ग्रंथीचं हार्मोन शरीराचा वेग ठरवतं. ते जास्त झालं की सगळंच धावायला लागतं. नाडी झोपेतसुद्धा जोरात चालते, शौचाला वारंवार जावं लागतं, झोप उडते, पाळी कमी जाते. उकडतं फार, पण मे महिन्यात लातूर-परभणीत कुणाला उकडत नाही? म्हणून हे लक्षण उन्हाळ्यात लपतं. येळवशीला, म्हणजे थंडीतल्या वेळ अमावस्येला, बघा. रानात सगळे शाली-स्वेटर घालून बसलेत आणि एखादी लेक घामाने भिजलीय, तर तिला विचारा.

आशाताई, हे घरोघरी करून बघता येईल. बाईला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगा, बोटं फाकलेली. बोटांवर वहीचा एक कोरा कागद अलगद ठेवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कंप कागदाच्या कडेला दिसतो. मग उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठायला सांगा. मांड्यांतली ताकद गेली असेल तर उठताना जड जातं. शेवटी घोटभर पाणी पाजा. गिळताना गळ्याची गाठ वर सरकली, तर ती बहुतेक थायरॉइडची.

आता प्रकार. सगळ्यात जास्त आढळतो तो ग्रेव्हजचा आजार. रॉबर्ट ग्रेव्हज या आयरिश डॉक्टरांनी 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चिथावते. डोळे बटबटीत होतात, खुपतात, आणि विडी-सिगारेटने ते आणखी बिघडतात. दुसरा प्रकार गाठींचा, तो बहुधा उतारवयात. तिसऱ्यात ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं. बाळंतपणानंतर वर्षभरात हे होऊ शकतं आणि ‘बाळंतीण आहे, थकणारच’ म्हणून सोडून दिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. या सुजेत हार्मोन कमी करणारी गोळी उपयोगी पडत नाही, म्हणून प्रकार ओळखल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही. आणि बारीक होण्यासाठी शेजारणीची कमी थायरॉइडवरची गोळी खाणं, हेही एक कारण आहेच.

म्हाताऱ्या माणसांत चित्र उलटं असतं. धावपळ नाही, कंप नाही; आजी नुसत्या गप्प बसतात, वाळत जातात आणि नाडी वेडीवाकडी चालते. अशा नाडीमुळे हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो. क्वचित तरणाताठा मुलगा रात्री भरपेट जेवून झोपतो आणि सकाळी त्याचे पाय उचलत नाहीत. त्याला देवऋषाकडे नेऊ नका, लगेच दवाखान्यात न्या. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं.

तपासणी रक्ताची. या आजारात टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, खाली; टी3-टी4, म्हणजे ग्रंथीची स्वतःची हार्मोन्स, वर. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी रिपोर्ट फसवा येतो.

उपचार आहेत: गोळ्या, रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन), ऑपरेशन. दिवस गेले असतील किंवा जायचे असतील तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, कारण औषध बदलावं लागतं आणि रेडिओआयोडीन तर देताच येत नाही. कार्बिमाझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्या. क्वचित त्या एकदम कमी होतात. ताप रात्री आला तर रात्रीच निघा, सकाळच्या एसटीची वाट बघू नका.