जुन्या घराला काडाची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा एक अफाट मुलूख आहे. वर गवत, खाली वाळू आणि झाड औषधालाही नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. इथल्या वाळूत तेवढ्यावर संसार चालेना, म्हणून १९०४ साली किंकेड कायदा आला आणि माणशी ६४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. (ती मुळात पॉनी, लकोटा अशा तिथल्या मूळ रहिवासी जमातींची. त्यामुळे ‘मिळाली’ म्हणताना जीभ जराशी अडखळायला हवी.)

जमीन झाली, पण घर कशाचं बांधायचं? लाकूड लांबून आणायचं, तर ते परवडत नव्हतं. दुसरीकडे लोक गवताळ मातीच्या लाद्या कापून भिंती रचत. इथल्या वाळूत त्या लाद्याही ढासळत. जवळ होतं ते गवत आणि घोड्यांच्या बळावर गठ्ठे बांधणारं यंत्र. मग गठ्ठेच विटांसारखे सांधेमोड करून रचले, वर छप्पर चढवलं आणि आतबाहेर गिलावा केला. एका शाळेची गोष्ट सांगतात, की तिला गिलावा नव्हता आणि गायींनी ती खाऊन टाकली. तात्पुरती म्हणून बांधलेली घरं हिवाळ्यात उबदार निघाली आणि टिकली. आर्थर या गावात १९२८ साली राय नावाच्या धान्याच्या काडाचं चर्च बांधलं, ते आजही पाहायला मिळतं.

आज अशा वडिलोपार्जित शेतावर काय होतं ते पाहू. जुनं लाकडी घर असतं, आईवडील थकलेले असतात, मुलगा-सून परत येतात आणि एक खोली कमी पडते. शेजारच्या शेतात गव्हाचं काड पडलेलंच आहे, तेव्हा त्याचीच खोली काढू, असं ठरतं. लोकांना काळजी वाटते आगीची आणि उंदरांची. घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही, वरून जाड गिलावा असतो, त्यामुळे अशी भिंत सहजी पेटत नाही. बांधकाम चालू असताना आजूबाजूला पडलेलं सुटं काड मात्र भुर्रकन पेटतं, ते रोजच्या रोज झाडून न्यावं. उंदरांचं म्हणाल, तर काडात दाणा राहिला नाही आणि गिलाव्यात भोक नाही, तर ते कशाला येतील?

माझ्या मते खरी परीक्षा असते ती जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे भेटते तिथे.

नेब्रास्काच्या मूळ पद्धतीत छपराचा भार गठ्ठ्यांवरच असतो. भार पडला की गठ्ठे दबतात आणि भिंत खाली बसते. स्वतंत्र घर असेल तर सगळंच एकत्र बसतं, काही बिघडत नाही. पण शेजारचं जुनं घर केव्हाच बसून झालेलं असतं. ते हलणार नाही, नवी भिंत हलणार. मग सांध्यावर चीर पडते, छपराचा पत्रा उचकटतो आणि पाणी आत शिरतं. म्हणून वाढीव खोलीला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा करावा, छप्पर त्यावर पेलावं आणि गठ्ठे मध्ये भरावेत. सांगाड्याच्या लाकडाचे पैसे जास्त जातात, पण ते वाचवू नयेत. शिवाय छप्पर आधी चढल्यामुळे गठ्ठे कोरडे राहतात, हा फायदा वेगळाच.

तरीही सांधा घट्ट चिकटवू नये. जुन्या भिंतीवरच्या फळ्या तेवढ्या पट्ट्यात काढाव्यात, मध्ये थोडी फट ठेवून ती लवचिक भरावाने बुजवावी, वरून पत्र्याची पट्टी जुन्या फळ्यांखाली सरकवावी. उंच जुन्या छपरावरचा बर्फ घसरून खालच्या नव्या छपरावर येतो, त्याचाही हिशोब तुळया ठरवतानाच करायचा.

दुसरा हिशोब जागेचा. समजा, बाहेरून १२ बाय १६ फुटांची खोली आखली. १८ इंची गठ्ठा आणि दोन्हीकडचा गिलावा धरून भिंत २० इंच होते. एक १६ फुटी बाजू जुन्या घराची, म्हणून भिंती तीन. बाहेरून १९२ चौरस फूट दिसणारी खोली आत १३१ भरते! पलंग, कपाट आणि म्हाताऱ्यांची चाकाची खुर्ची वळायला जागा, हे सगळं आतल्या मापावर काढायचं. बदल्यात खिडकीत बसायला ऐसपैस कट्टा मिळतो, हेही खरं.

बाकी सगळं पाण्याभोवती फिरतं. तिथले बांधणारे म्हणतात, काडाच्या भिंतीला चांगले बूट आणि चांगली टोपी हवी. म्हणजे जोतं उंच घ्या, गठ्ठ्यांखाली लाकडी पट्ट्या आणि खडी ठेवा, वळचण भिंतीपासून लांब काढा. गठ्ठ्यातला ओलावा २० टक्क्यांच्या वर नको. अमेरिकेच्या नमुना घरबांधणी नियमांत २०१५ साली काडाच्या बांधकामाचं परिशिष्ट आलं, त्यातही हीच मर्यादा आहे. गिलावा चुन्याचा किंवा मातीचा करावा, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर पडते. नुसत्या सिमेंटचा गिलावा ती कोंडून ठेवतो.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे जमेल का? कोकणात मी सुचवणार नाही. तिथे कारवीच्या कुडाला सारवण घालून लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, पण कूड पातळ असतो, भिजला तरी वाळतो. दीड फूट जाड पेंढा चार महिन्यांच्या दमट हवेत आतून कुजेल. सोलापूरकडे पाऊस कमी, पण तिथला कडबा जनावरांच्या तोंडचा. दुष्काळात तो भिंतीत बसवणारा शेतकरी मला तरी दिसत नाही. भारतात कुठे करून पाहायचंच असेल तर ते पंजाब-हरियाणात. थंडी आहे, शेतात गठ्ठे बांधणारी यंत्रं, म्हणजे बेलर, फिरतात आणि भाताचा पेंढा तर लोक जाळूनच टाकतात. त्या पेंढ्यात सिलिकाही भरपूर असते, त्यामुळे तो गव्हाच्या काडापेक्षा उशिरा कुजतो. वळचण मात्र तिथल्या पावसाच्या मानाने आणखी फूटभर पुढे काढावी लागेल आणि वाळवीसाठी जोत्यातच बंदोबस्त करावा लागेल.

नमस्कार.