अवकाश गाठलं, मग नौदल कशाला?

[दृश्य: उघडा समुद्र. युद्धनौकेच्या डेकमधून क्षेपणास्त्र सुटतं, मागे धुराचा खांब.]

२१ फेब्रुवारी २००८. प्रशांत महासागरात, हवाई बेटांच्या वायव्येला ‘लेक एरी’ या अमेरिकी क्रूझरवरून एक एसएम-३ क्षेपणास्त्र सुटलं. सुमारे २४७ किलोमीटर उंचीवर त्यानं यूएसए-१९३ हा बंद पडलेला हेर उपग्रह गाठला आणि फोडला. टोकाला स्फोटकं नव्हतीच, नुसत्या टकरीनं काम झालं. हे क्षेपणास्त्र बनवलं होतं बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं अडवण्यासाठी. सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ते उपग्रहाच्या मागे लावलं. आणि क्षेपणास्त्र जहाजावर असल्याचा फायदा असा, की उपग्रहाचा मार्ग जिथून जातो त्याच्या खाली ते जहाज नेऊन उभं करता आलं.

समुद्रावरून अवकाशात मारा होतो, तसाच अवकाशातून समुद्रावरही होईल. मग उद्या माणसाचे तळ चंद्रावर, कारखाने कक्षेत आणि शेकडो लढाऊ यानं डोक्यावर असतील, तेव्हा पाण्यावर तरंगणारं नौदल कुणी कशाला पोसायचं?

[दृश्य: कक्षेतून दिसणारा समुद्र. एका जहाजामागे फेसाची लांब रेघ.]

आधी नौदलाच्या विरोधातली बाजू, कारण ती भक्कम आहे.

पाण्यावरचं जहाज अवकाशापासून लपत नाही. ४०० किलोमीटर उंचीवरून २.४ मीटर व्यासाचा आरसा, हवेचा अडथळा सोडला, तर ११ सेंटिमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकतो. ढग आले तर रडार आहे. सोव्हिएत संघानं नौका शोधायला रडार उपग्रह सोडले होते. त्या रडारला वीज इतकी लागायची, की उपग्रहात चक्क अणुभट्टी बसवली होती. त्यातलाच कॉसमॉस-९५४ जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे दूरवर विखुरले. आज तेच काम शंभरेक किलोचा उपग्रह सौर पॅनेलवर करतो. वेगानं जाणाऱ्या जहाजामागची फेसाळ रेघ तर कित्येकदा जहाजाआधी नजरेत भरते.

म्हणजे भल्यामोठ्या युद्धनौकांचा ताफा उघड्या समुद्रात मिरवत नेण्याचे दिवस संपतील. यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही.

पण दिसणं वेगळं आणि मारणं वेगळं.

कक्षेतून टंगस्टनचे दांडे टाकायची कल्पना जुनी आहे. हिशेब करू. दांडा ६ मीटर लांब, ३० सेंटिमीटर जाड, वजन सुमारे ८ टन. कक्षेत त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या पुढे, पण हवेतून येताना बराचसा वेग गळतो. तो सेकंदाला ३.४ किलोमीटर वेगानं आदळला, तर ऊर्जा साधारण ११ टन टीएनटीइतकी. ८ टन वर न्यायचे, तेही महागड्या रॉकेटनं, आणि हाती यायचे ११ टन.

बरं, तो लागायला तर हवा. थोडक्या इंधनात कक्षेतून सोडलेली वस्तू हवेत शिरेपर्यंत अर्धा तास जातो. ३० नॉट (तासाला सुमारे ५५ किलोमीटर) वेगाची नौका तेवढ्यात २८ किलोमीटर दूर गेलेली असते, कुठल्या दिशेला ते तिचा कप्तान ठरवतो. वाटेत दिशा दुरुस्त करावी, तर तापलेल्या हवेचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दांड्याभोवती कवच धरतो आणि रडारचे डोळे झाकतो. शेवटच्या टप्प्यात लक्ष्य नीट बघायचं असेल, तर वेग कमी करावा लागतो. वेग कमी केला, की नौकेवरच्या क्षेपणास्त्रांना तो सापडतो. मार्ग निघतात, पण प्रत्येक मार्गानं दांड्याचं वजन वाढतं, आणि वजन वर न्यायचं असतं.

[दृश्य: पृथ्वीभोवती फिरणारी कक्षेची रेघ, खाली सरकत जाणारे खंड.]

लढाऊ यानाची खरी अडचण त्याच्या कक्षेतच आहे. ४०० किलोमीटरवरचं यान दीड तासात एक फेरी मारतं. दरम्यान खाली पृथ्वी फिरलेली असते, त्यामुळे विषुववृत्तावर पुढच्या फेरीची रेघ अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला पडते. एखाद्या जागेवरून ते क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर दहा मिनिटं दिसतं. त्याचं वेळापत्रक खालच्याला पाठ असतं.

वेळापत्रक मोडायचं, म्हणजे कक्षेचं प्रतल फिरवायचं. १० अंश फिरवायला सेकंदाला १.३ किलोमीटरचा धक्का (वेगातला बदल) लागतो, आणि साठवणीच्या नेहमीच्या इंधनावर त्यात यानाच्या एकूण वजनाचा एक तृतीयांश खर्च होतो. ६० अंश फिरवायचे, तर धक्का कक्षेतल्या वेगाइतकाच, आणि दहातले नऊ भाग इंधनात जातात. नौका मात्र सुकाणू वळवते आणि निघते. सामुद्रधुनीच्या तोंडाशी महिनाभर उभी राहायची, तर इंधन आणि रसद पुरवणारं जहाज आलं की झालं.

यानांची संख्या वाढवून ही उणीव भरता येते. शेकडो यानं ठेवली, की कुठलं ना कुठलं डोक्यावर असतंच. मात्र त्यातली बहुतेक कुठल्याही क्षणी पृथ्वीच्या नको त्या बाजूला असतात.

[दृश्य: पाणबुडी बुडी मारते. पृष्ठभाग मिटतो.]

आता पाण्याखाली जाऊ. इथे प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

समुद्राचं पाणी खारं असल्यानं वीज वाहून नेतं, आणि वीज वाहणाऱ्या द्रवात रेडिओ लहरी मरतात. जीपीएसच्या लहरीची ताकद एक सेंटिमीटरच्या आत ओसरते. २० किलोहर्ट्झची लहर पावणेदोन मीटरमध्ये एक तृतीयांशावर येते, म्हणून या पट्ट्यातला संदेश घ्यायला पाणबुडीला पृष्ठभागाजवळ यावं लागतं किंवा तरंगती तार सोडावी लागते. ७६ हर्ट्झवर हीच खोली २९ मीटर होते. अमेरिकेनं विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये त्यासाठी सव्वाशे किलोमीटरहून लांब तारा ताणल्या होत्या, आणि तरीही तीन अक्षरांचा संकेत पोहोचायला काही मिनिटं जात. ती यंत्रणा २००४ मध्ये बंद झाली.

निळा-हिरवा प्रकाश त्यातल्या त्यात खोल जातो, पण तोही फार तर शे-दोनशे मीटर. पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक हुडकता येतो, मात्र तो अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाला चारशे मीटरवरून जो फरक जाणवतो, तो चारशे किलोमीटरवर शंभर कोटीव्या हिश्शावर आलेला असतो.

पाण्यात दूरवर चालतो तो आवाज, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं. आणि आवाज ऐकायला कान पाण्यातच बुडवावा लागतो. पाणबुडी शोधायला म्हणूनच दुसरी पाणबुडी, सोनार (आवाजावरून शोध घेणारं यंत्र) ओढणारी नौका, नाहीतर तळाशी टाकलेले हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) लागतात. कक्षेत तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं तरी खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता तीच राहते.

उष्णतेचंही तसंच. अणुपाणबुडीची भट्टी शंभर-दीडशे मेगावॅट उष्णता देते आणि त्यातली बरीच फेकून द्यावी लागते. १०० मेगावॅट फेकायला, पाणी १० अंशांनी तापू दिलं, तर सेकंदाला २.४ टन पाणी कंडेन्सरमधून फिरवायचं. पंप आणि नळ्या, एवढंच. अवकाशात उष्णता फक्त किरणोत्सर्जनानं जाते. रेडिएटरचं तापमान २७ अंश सेल्सिअस ठेवलं, तर आदर्श पृष्ठभागालासुद्धा, दोन्ही बाजू धरून, एक लाख चौरस मीटरहून जास्त जागा लागेल. तो पाचशे अंशांच्या वर तापवला, तर दोन-अडीच हजार चौरस मीटरमध्ये भागतं, पण तसा तापलेला पत्रा थंड काळ्या आकाशात कुणाच्याही अवरक्त दुर्बिणीला लांबून दिसतो. लपायचं असेल तर आपल्याला ठाऊक असलेल्या जगात समुद्रासारखी जागा नाही. अवकाशात पोचलेले देशही आपलं शेवटचं, प्रत्युत्तराचं शस्त्र पाण्याखालीच ठेवतील, असा आमचा कयास आहे.

[दृश्य: बंदरातली क्रेन, कंटेनरची रांग.]

आता माल. जगाच्या व्यापाराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग, आकारमानानं, समुद्रावरून जातो. एक मोठं बल्क कॅरिअर १,८०,००० टन खनिज उचलतं आणि दिवसाला चाळीस-पन्नास टन इंधन जाळतं. महिनाभराचा प्रवास धरला, तरी दीड हजार टन. फेरीला १०० टन नेणाऱ्या महाकाय रॉकेटला त्याच मालासाठी १,८०० उड्डाणं लागतील, आणि अशा रॉकेटच्या एकाच उड्डाणात साडेचार हजार टनांहून जास्त इंधन आणि द्रव ऑक्सिजन संपतो. लोहखनिज आणि धान्य वरून नेणार कोण?

अवकाशाचा मालसुद्धा पाण्यावरूनच येतो. दहा मीटर रुंदीचा रॉकेटचा टप्पा रस्त्यावरच्या पुलांखालून जात नाही, म्हणून सॅटर्न-५ चे खालचे टप्पे बार्जनं, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेनं, गेले. जेम्स वेब दुर्बीण २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाहून पनामा कालव्यातून फ्रेंच गयानाला पोचली ती मालवाहू जहाजानं, १६ दिवसांत. अपोलो-११ चे अंतराळवीर ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेनं उचलले, २०२२ मध्ये ओरायन यान ‘पोर्टलँड’ नं.

माल पाण्यावर म्हटलं, की तो अडवणारेही पाण्यावर आणि राखणारेही. १९ नोव्हेंबर २०२३ ला लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरनं उतरून ताब्यात घेतलं. वरून ते सगळं पाहता आलं असतं. थांबवायला तिथं कुणीतरी हवं होतं.

[दृश्य: दोन वेगवान होड्या मोठ्या जहाजाच्या कुशीला लागतात. वरून दोराची शिडी.]

संशयित जहाजाची झडती कशी होते, ते जवळून पाहा. युद्धनौका रेडिओवर विचारणा करते: नाव, ध्वज, माल, शेवटचं बंदर. मग दोन होड्या उतरतात. एक वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूनं कुशीला लागते, दुसरी जरा मागे राहून नजर ठेवते. शिडी मिळाली तर ठीक, नाहीतर लांब काठीच्या आकड्यानं कठड्याला शिडी अडकवायची. लाट होडीला दोन मीटर उचलते आणि सोडते. पाय शिडीवर टाकायचा तो होडी सर्वांत वर असताना, कारण खाली असताना टाकला तर पुढच्या लाटेला तीच होडी पायावर येते. वर गेल्यावर एक तुकडी ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत), एक इंजिनरूममध्ये, खलाशी एका जागी. त्यानंतर कागद: नोंदणी, खलाशांची यादी, मालाची यादी. आणि टाक्यांत माप सोडून पाहायचं. आराखड्यात लिहिलेल्या खोलीपेक्षा फीत कमी गेली, तर खाली खोटा तळ असू शकतो. हे काम अजून कुठल्याही कॅमेऱ्याला जमलेलं नाही.

कायदाही हेच धरून चालतो. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारातलं ११० वं कलम, चाचेगिरीचा किंवा ध्वज नसल्याचा रास्त संशय असेल तर परक्या जहाजावर चढायचा हक्क प्रामुख्यानं युद्धनौकेला देतं. आणि युद्धनौका म्हणजे काय, ते २९ व्या कलमात आहे: अधिकाऱ्याच्या हुकमतीखालचं, शिस्तबद्ध खलाशी असलेलं जहाज.

[दृश्य: तळाशी चिखलात रुतलेला सुरुंग.]

सुरुंगांचा विषय निघाला, की नौदलातली माणसं वॉन्सान आठवतात. ऑक्टोबर १९५० मध्ये कोरियाच्या या बंदरासमोर सुमारे ३,००० सुरुंग पेरलेले होते, बरेचसे जुन्या रशियन बनावटीचे. आकाश आणि समुद्र दोन्ही अमेरिकेच्या ताब्यात असूनही सैन्याला जहाजांतच थांबून राहावं लागलं. सुरुंग काढताना ‘पायरेट’ आणि ‘प्लेज’ या दोन नौका बुडाल्या. आजचे तळाशी बसणारे सुरुंग त्याहून लबाड असतात. जहाजाचं चुंबकत्व, इंजिनाचा आवाज, पाण्याच्या दाबातला बदल, तिन्ही जुळल्याशिवाय फुटत नाहीत. शिवाय त्यांना मोजणी शिकवलेली असते: पहिली अमुक जहाजं सोड, पुढचं फोड. म्हणून एकदा साफ केलेला मार्ग पुन्हा पुन्हा घासावा लागतो, सोनारनं, चार-पाच नॉटच्या चालीनं.

केबलचंही थोडक्यात. खंडांदरम्यानची जवळजवळ सगळी माहिती तळाशी पडलेल्या, खोल पाण्यात दोनेक सेंटिमीटर जाडीच्या केबलींतून वाहते. वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात, बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि नांगरांमुळे. दुरुस्तीचं जहाज आकडा सोडून एक टोक वर काढतं, तरंगत्या बोयाला बांधतं, मग दुसरं टोक काढून मध्ये नवा तुकडा जोडतं. काचेचे धागे जोडले जात असताना ते जागचं हलू शकत नाही. युद्धाच्या काळात त्याच्या शेजारी कुणीतरी पहारा द्यायला हवा.

[दृश्य: टायटनचा नारिंगी धुरकट गोल.]

राहिला प्रश्न परक्या समुद्रांचा. शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेन-इथेनचे समुद्र आहेत, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. तिथं पाणबुडी चालेल? द्रवाची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे त्याच वजनाला जवळपास दुप्पट आकाराची नौका. भट्टीच्या उष्णतेनं मिथेनमध्ये विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपानं सुटणार, पंख्याला आणि सोनारला त्रास देणार. आणि मुख्य म्हणजे मिथेन वीज वाहत नाही. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या रडारला लायजिया समुद्राचा सुमारे १६० मीटर खोलवरचा तळ वरूनच दिसला होता. त्या समुद्रात दडून बसता येणार नाही.

गुरूच्या युरोपावर उलट परिस्थिती. पंधरा-पंचवीस किलोमीटर बर्फ, त्याखाली साठ ते दीडशे किलोमीटर खोल खारं पाणी. शंभर किलोमीटर खोलीवरचा दाब मारियाना गर्तेच्या तळाच्या दीडपटीच्या आत, कारण गुरुत्व पृथ्वीच्या तेरा-चौदा टक्केच आहे. चांगल्या मिश्रधातूच्या गोलाला तो पेलेल. पण बर्फातून खाली सोडलेली संदेशाची तार दर ८५ तासांनी, युरोपाच्या एका प्रदक्षिणेत, भरती-ओहोटीच्या ताणानं ओढली जाणार. ती तुटली, की वर कक्षेत कितीही मोठा ताफा असो, खालच्या नौकेशी बोलायला दुसरं भोक पाडावं लागेल.