चांदणी कधी उतरवावी?

बंधुभगिनींनो,

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका मुलीने मला विचारले, "आजी, नाताळ होऊन इतके दिवस झाले, तरी तुमच्या दारात चांदणी अजून कशी?" तिला उभ्याउभ्या दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, तो त्या दिवशी सुरू होतो. आजच्या फ्रान्समधील तूर या गावी ५६७ साली भरलेल्या धर्मपरिषदेने नाताळपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचे सारे दिवस सणाचे मानले. पूर्वेकडून ताऱ्याच्या मागोमाग आलेले ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला पोहोचले, त्याची आठवण म्हणजे ६ जानेवारी. ज्या ताऱ्याची खूण म्हणून आपण दारात चांदणी टांगतो, तो तारा पाहून निघालेले लोक पोहोचण्याआधीच ती खाली घ्यावी, हे मला कधीच पटले नाही. इंग्लंडमध्ये सजावट ५ तारखेला काढावी की ६ तारखेला, यावर अजूनही दुमत आहे. बारा दिवस नाताळापासून मोजायचे की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, एवढाच तो वाद आहे. स्वीडनमध्ये मात्र नाताळचे झाड १३ जानेवारीला, विसाव्या दिवशी, घराबाहेर काढतात.

ही तारीख ऐकून तुम्हाला आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा आठवली असेल. आपल्याकडे त्याच सुमारास सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो, दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचे दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी. कन्नडमध्ये कप्पड म्हणजे वस्त्र आणि कळी म्हणजे उतरवणे. नंदीध्वजांना, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांना, चढवलेला साज उतरवण्याचा हा विधी यात्रेचाच भाग आहे, यात्रा संपल्यावर कोणीतरी उरकायचे काम नव्हे. सोलापुरात वाढलेल्या माझ्यासारख्या ख्रिस्ती बाईला साज उतरवण्याचा मान कळला तो या यात्रेमुळे, हे मी कृतज्ञतेने सांगते.

आमच्या घरी माळा ६ जानेवारीनंतर निघतात. पडद्यांवरच्या आणि खिडक्यांच्या माळा आधी, मग प्लास्टिकचे झाड आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. गोठ्यातल्या मूर्ती जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळल्या जातात. दिव्यांची माळ प्लगमधून काढून, पुठ्ठ्यावर सैलसर गुंडाळून ठेवली, की पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसावे लागत नाही. पाश्चात्त्य देशांत खरे झाड वाळते आणि आगीचा धोका वाढतो, म्हणून ते वेळेवर काढावेच लागते. आपल्या झाडांना ती घाई नाही, आणि एलईडीच्या माळेला वीजही थोडीच लागते.

दारातली एक चांदणी मात्र २ फेब्रुवारीपर्यंत राहते. २५ डिसेंबर पहिला धरला तर हा चाळिसावा दिवस येतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाल्यावर आईच्या शुद्धीकरणाचे चाळीस दिवस पुरे झाले, तेव्हा मरिया आणि योसेफ बाळाला यरुशलेमच्या मंदिरात घेऊन गेले. तेथे वृद्ध शिमोनाने त्याला हातांत घेऊन राष्ट्रांसाठीचा उजेड म्हटले, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. म्हणूनच अनेक देशांतील ख्रिस्ती मंडळ्या या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करतात, आणि जुन्या इंग्लंडमध्ये घरातल्या हिरव्या फांद्या याच दिवसापर्यंत ठेवण्याची रीत होती. दिवाळीचा आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

ज्या वर्षी डिसेंबरात माझी आई गेली, त्या नाताळात आम्ही झाड लावले नव्हते. फक्त चांदणी लावली होती, आणि ती उतरवायला कोणाचाच हात उठेना. २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वडिलांनी स्वतः स्टूल ओढले, बटण बंद केले आणि दिवा निवेपर्यंत थांबून मग दोरी सोडली. त्या मुलीला मी यंदा त्या संध्याकाळी घरी बोलावले आहे. दोरी तिने सोडायची आहे.