एक पडदा, दोन गडी

[दृश्य: भुसावळ, मे महिना. बंद खोलीत कूलरचा आवाज. टेबलावर लॅपटॉप, वायरवाले रिमोट.]

निवेदन:

भुसावळात मे महिन्यात पारा 45 ला टेकला, की दुपारी दार लावून बसण्यावाचून इलाज नसतो. त्या कोंडलेल्या दुपारींनीच इथल्या पोरांना व्हिडिओ गेम शिकवला. कॅसेटला फुंकर मारायची, खटकन बसवायची आणि 'कॉन्ट्रा' हा गोळीबाराचा गेम लावायचा. कोनामी कंपनीने तो 1987 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला, पुढच्या वर्षी घरगुती मशीनवर आणला. आपल्याकडे तो पोचला नकली मशीनमधून. कॅसेटवर लिहिलेलं '9999 इन 1'. आत तेच मोजके गेम फिरून फिरून.

आपले हे दोघं त्याच दुपारींत वाढले. एकाचं भुसावळला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, दुसरा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. रात्री शटर पडलं, की दोघं मिळून जुन्या धाटणीचा गोळीबाराचा गेम बनवतात. त्यात एकट्याने खेळायची सोयच नाही. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे. मला मात्र तो पटतो.

कारण कॉन्ट्रात दोघांना मिळून पडदा एकच. एक पुढे पळाला आणि दुसरा डाव्या कडेला रेंगाळला, तर पडदा सरकत नाही. धबधब्याच्या लेव्हलला तर वर चढणाऱ्याने घाई केली, की खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूने एकही गोळी न झाडता! शिवाय आपल्या लाइफ संपल्या, की बटण दाबून जोडीदाराची उचलायची, न विचारता. खरी मारामारी टीव्हीच्या अलीकडेच व्हायची.

या दोघांनी ते सगळं मुद्दाम ठेवलंय.

[दृश्य: स्क्रीनवर चौकटी-चौकटींचा केळीचा घड, हळूहळू रंगत जाणारा.]

पहिली लेव्हल रावेरकडच्या केळीच्या बागेत. जुन्या मशीनमध्ये एका स्प्राइटला, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला, तीनच रंग मिळायचे, चौथा पारदर्शक. तोच नियम यांनी स्वतःवर लादून घेतलाय. एक हिरवा, फण्यांमधल्या सावलीला एक काळपट, आणि तिसरा केळफुलाचा जांभळट तांबडा. तो टाकेपर्यंत घड मक्याच्या कणसासारखा दिसत होता. बागायतदार म्हणेल, घड निसवल्यावर केळफूल ठेवतं कोण? खरंय. पण 16 बाय 16 चौकटींत केळी ओळखू यायची तर ते ठेवावंच लागतं.

जुन्या मशीनची आणखी एक खोड होती. एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दिसायचे; गर्दी झाली, की गोळ्या लुकलुकायच्या. पुण्याच्याने ती लुकलुक कोड लिहून परत आणली. भुसावळच्याने ती काढायला लावली. मरायचं तर दिसलेल्या गोळीने मरू, असं त्याचं म्हणणं.

[दृश्य: दोन शहरं, दोन स्क्रीन, एकच लेव्हल.]

आता पुणे-भुसावळ एका पडद्यावर आणायचं कसं? नेटवरून चित्र जातच नाही. दोन्ही लॅपटॉपवर गेम आपापला चालतो. जातात ती फक्त बटणं. आठ बटणं म्हणजे आठ बिट, एक बाइट, सेकंदाला 60 वेळा. पलीकडचं बटण यायला उशीर झाला, की लॅपटॉप गृहीत धरतो, की मघाचंच अजून दाबलेलं असेल. अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन सगळं नव्याने मोजतो. याला रोलबॅक म्हणतात. त्यासाठी दोन्हीकडचा हिशोब तंतोतंत जुळावा लागतो; एक शत्रू जरी इकडे खोडाआडून आणि तिकडे बांधावरून निघाला, तर दोघं दोन वेगळे गेम खेळत बसतील.

एवढं जमलं, पण भुसावळात लाइट गेली की राउटर बंद. भुसावळचा गडी जागीच थिजतो आणि पुण्याचा त्याच्या लाइफ उचलतो.

"लाइट गेली त्यात माझा काय दोष, भो?"

बऱ्याच वादानंतर नियम ठरला: नेट तुटलं तर 30 सेकंद थांबायचं, मग लुटायला मोकळं. पुण्याचा ते 10 वर आणायच्या मागे लागलाय.