ओढा आधी वरच्या अंगाला भरतो

[दृश्य : कात्रजचा डोंगर, माथ्यावर उतरलेले ढग]

२५ सप्टेंबर २०१९. रात्रीची वेळ. पुण्याच्या दक्षिण भागात पावसानं अक्षरशः झोडपून काढलं. कात्रजचा तलाव भरून वाहू लागला आणि पाणी आंबील ओढ्यात उतरलं. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाली कॉलनी, दांडेकर पूल. घरात पाणी शिरलं, सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुणे आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसं गेली.

[दृश्य : आजचा आंबील ओढा, पात्रात घोट्याएवढं पाणी]

एरवी हा ओढा असा दिसतो. पेशवाईत त्याचं पात्र वळवून शहराबाहेरून नेलं होतं; आता शहरच त्याला चहूबाजूंनी येऊन भिडलंय. डोंगर जवळ, उतार तीव्र आणि वाटेत सिमेंट. पाणी मुरणार कुठे? नदीचा पूर चढायला वेळ घेतो, सूचना द्यायला उसंत मिळते. ओढ्याचा लोंढा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर येतो. तुमच्या दारात पाऊस थांबलेला असेल, तरी वर डोंगरात तो कोसळत असू शकतो.

म्हणून ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी नजर वरच्या अंगाला ठेवायची. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा वाहत आला, वरून घरघर ऐकू आली, की उठायचं. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन उंचावर, शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर जायचं. कागदपत्रं, औषधं, टॉर्च एका पिशवीत पावसाळाभर तयार असू द्या. हवामान विभागाचा रेड अलर्ट असेल त्या रात्री मोबाइल सायलेंटवर टाकू नका. वेळ असेल आणि पाय कोरडे असतील, तर मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून मात्र त्याला हात लावू नका.

[दृश्य : सोसायटीचं तळघरातलं पार्किंग]

आता ही जागा नीट बघा. पाणी वाढतंय म्हटल्यावर गाडी काढायला माणूस खाली धावतो. कर्ज काढून घेतलेली गाडी असते, जीव तुटतो, हे आम्हाला कळतं. तरीही हात जोडून सांगतो, जाऊ नका. उताराच्या रॅम्पवरून पाणी आत कोसळायला लागलं, की त्याच्याविरुद्ध वर चढता येत नाही. लिफ्ट तर अजिबात वापरू नका.

रस्त्यावरही हेच. अर्धा फूट वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं. फूटभर पाण्यात लहान मोटारी तरंगू लागतात, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबा; खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, ते गढूळ पाण्यातून दिसत नाही. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर काचा चालू आहेत तोवर खाली घ्या आणि बाहेर पडा. मुंबईत २६ जुलै २००५ ला बंद गाड्यांमध्ये गुदमरून माणसं गेली. मदतीसाठी ११२.

[दृश्य : ओढ्याकाठची भेगाळलेली सीमाभिंत]

पाणी ओसरलं तरी या भिंतींपासून दूर राहा. पाया धुपलेला असतो, मागची माती पाणी पिऊन जड झालेली असते. भिंतीची तपासणी होईपर्यंत तिच्या आडोशाला गाड्या लावू नका आणि मुलांना तिकडे खेळायला सोडू नका.