रात्रभर पाण्यात ठेवलेले जोडे

घराच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप आहे. त्यात रात्रभर जोडे बुडवून ठेवलेत. पहाट झाली की घरधनी ते निथळून घेईल आणि तसेच ओले पायात चढवेल.

हे इनिश मान. आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेच्या उपसागरात अरनची तीन बेटं आहेत, त्यातलं हे मधलं. साल 1900 च्या आगेमागे.

या जोड्याला म्हणतात पॅम्पूटी. न कमावलेल्या कातड्याचा एक तुकडा, केस बाहेरच्या अंगाला. चवड्यावर आणि टाचेमागे मासेमारीच्या दोरीनं आवळला की झाला जोडा. हे कातडं वाळलं की फळीसारखं कडक होतं, म्हणून रात्री पाण्यात. इथे पायाखाली माती जवळजवळ नाहीच. सगळा उघडा चुनखडीचा खडक, त्यात खोल भेगा. टाचेचा बूट त्यावर घसरतो, हे मऊ कातडं खडक धरतं. समुद्रात न्यायची करॅक नावाची होडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं डांबरी कापड. तिच्यातही खिळ्यांच्या बुटानं पाय ठेवायची सोय नाही.

विजार लोकरी, घोट्याशी बाजूनं चिरलेली. होडी लोटताना पटकन गुडघ्यापर्यंत दुमडता यावी म्हणून. वर रंग न दिलेल्या पांढऱ्या लोकरीची बंडी, बॉनीन. मेंढ्या बेटावरच्याच, सूत घरच्या बायकांनी कातलेलं.

आणि कमरेला क्रिस. हा रंगीत लोकरी पट्टा विणायला माग लागत नसे. बाई बसायची, धाग्यांचं एक टोक पायाला बांधायची, पाय लांब करून ताण द्यायची आणि बोटांनी विणत जायची. करड्या, पांढऱ्या आणि निळ्या कपड्यांत पुरुषाच्या अंगावर उठून दिसणारा रंग तो हाच. मला या सगळ्या पोशाखात तोच सर्वांत देखणा वाटतो.

जुन्या फोटोंत घागरा घातलेली मुलं दिसतात. त्या मुलीच असतील असं नाही. परीलोक मुलगे पळवून नेतो, अशी समजूत होती; त्याला चकवायला दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही घागरा घालत.

आज अरन म्हटलं की दुकानातला पांढरा, गाठीगाठींच्या नक्षीचा स्वेटर आठवतो. तो विसाव्या शतकातला. घराण्यागणिक त्याची नक्षी वेगळी असे, हीसुद्धा नंतर पसरलेली गोष्ट. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग 1898 साली पहिल्यांदा इथे आला, तेव्हा त्याला दिसले ते हे पॅम्पूटी. त्यानंही तेच घातले.

तळवा फाटला की चांभाराची वाट कुणी पाहत नसे. कातडं, सुरी, हातभर दोरी. चुलीपाशी बसून माणूस नवा जोड कापायचा, आणि झोपण्याआधी तो पाण्यात टाकायचा.