खांबाची भट्टी आणि एक अबकारी अधिकारी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी नोकरी सोडून कुणी छोटी व्हिस्की डिस्टिलरी काढली असेल आणि ती पाहायचा योग आला, तर बाटल्यांच्या कपाटाकडे नंतर वळा. आधी भट्टीपाशी जा. तांब्याच्या भांड्यावर बहुधा काचेच्या गोल खिडक्या असलेला एक खांब उभा दिसेल. आज त्या खांबाचीच गोष्ट सांगायची आहे, कारण तीही नोकरी सोडलेल्या माणसाचीच आहे.

ईनिअस कॉफी आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात होता. चोरट्या भट्ट्या पकडायच्या, हे त्याचं काम. १८१० साली डॉनेगॉलमध्ये जमावानं त्याला गाठलं, डोकं फोडलं, मांडीत संगीन आरपार घातली. तो वाचला, त्याच खात्यात वर चढला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्या मोजल्या, तपासल्या, आणि १८२४ साली राजीनामा दिला. मग डब्लिनमध्ये स्वतःच डिस्टिलरी चालवायला घेतली! १८३० साली त्यानं आपल्या खांबाच्या भट्टीचं पेटंट घेतलं. वरून आंबवण, म्हणजे धान्याचं आंबवलेलं पाणी, उतरतं, खालून वाफ चढते, भोकांच्या ताटल्यांवर दोघांची गाठ पडते. भांड्याची भट्टी दर खेपेला भरा, उकळा, उपसा. ही अखंड चालते. आयरिश मालकांना तिचा माल फिका वाटला, त्यांनी नाक मुरडलं. स्कॉटलंडनं ती उचलली आणि ब्लेंडेड, म्हणजे मिश्र, व्हिस्कीचा धंदा तिच्यावर उभा केला.

रोजच्या नोंदी ठेवायची सवय असलेला माणूस या धंद्यात तरतो, असं माझं ठाम मत आहे. 

असो. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, ६३ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजतं. पाणी फार तापलं तर विकरं (एन्झाइम) मरतात, पिठाची साखर होत नाही आणि यीस्ट उपाशी राहतं. तीन-चार दिवसांत आंबवण सात-नऊ टक्के अल्कोहोलवर येतं.

आता कान देऊन ऐका. भांड्याच्या भट्टीत आंबवण एकदा उकळून जो माल निघतो, तो पुन्हा उकळतात. या दुसऱ्या खेपेत पहिली धार बाजूला, शेवटची धार बाजूला. पिपात जातो तो फक्त मधला भाग. पुन्हा सांगते, फक्त मधला भाग. तो कधी सुरू झाला, हे ओळखायची जुनी रीत आहे. धारेचा नमुना पाणी घालून ४६ टक्क्यांच्या आसपास आणायचा. दुधाळ झाला, तर मागच्या खेपेची तेलं अजून धुऊन निघताहेत. नितळ राहिला, की वळवा धार.

आणि पीप किती लिटरचं, हे जरूर विचारा. भांडवल अडकलेला नवा मालक घाईनं लहान पिपं घेतो. त्यात दर लिटरला लाकूड जास्त लागतं. रंग झटकन चढतो, पण आतला अर्क कच्चाच राहतो आणि तोंडात लाकडाचा तुरटपणा येतो.

ताज्या अर्काचे दोन थेंब मागून तळहातावर चोळा. सुकल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास उरला, तर शेवटची धार उशिरा तोडली आहे.